मूर आणि दरी: होप व्हॅलीतली माउंटन बाइकची एक दिवसाची फेरी

शेफील्डहून अर्ध्या तासात आणि मँचेस्टरहून पाऊण तासाच्या आसपास रेल्वेनं होप व्हॅलीत उतरता येतं. एडेल, होप, बॅमफर्ड, हॅदरसेज अशी छोटी स्टेशनं ओळीनं लागतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर मूर आहे. ही दरी ज्यात येते ते पीक डिस्ट्रिक्ट १९५१ साली ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. मूर आणि दरी दोन्ही एकाच दिवसात सायकलवरून बघायची असतील तर सुरुवातीला याहून सोयीची जागा नाही. या शहरांत शिकायला-नोकरीला आलेली मराठी मंडळी पुष्कळ आहेत. ज्यांनी सिंहगड किंवा वरंधा घाट सायकलनं चढला आहे त्यांना इथल्या चढांचं काही वाटणार नाही. गडबड होते ती खालच्या जमिनीमुळे.

मूर म्हणजे काय ते सांगायला आपल्याकडचा सडा हाच जवळचा शब्द. झाड नाही, वारा मोकळा, पाय टाकाल तिथे दगड नाहीतर पाणी. पण सड्यावर जांभ्याच्या वर मातीचा पातळ थर असतो, आणि इथे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा नि गवताचा काळा थर असतो. त्याला पीट म्हणतात. काही ठिकाणी तो मीटर-दोन मीटर खोल आहे. पीट वर्षाला फार तर मिलिमीटरभर वाढतं. म्हणजे ओल्या पीटमध्ये टायरनं दहा सेंटिमीटर खोल चर पाडली, तर ती भरायला शंभर वर्षं लागावीत. प्रत्यक्षात ती भरतच नाही, कारण पुढच्या पावसात त्याच चरीतून पाणी वाहतं आणि ती ओहोळासारखी रुंदावते. म्हणून इथे फेरी आखताना किलोमीटर नंतर मोजायचे. आज खालची जमीन कशी आहे हे आधी बघायचं आणि त्यावरून माथ्यावर जायचं की दरीत राहायचं ते ठरवायचं.

सायकल कुठे चालते, कुठे नाही

इंग्लंडमध्ये नकाशावरची प्रत्येक वाट सायकलला खुली नसते. फुटपाथ फक्त चालणाऱ्यांचा. ब्राइडलवे म्हणजे घोडेवाट. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टनं ती सायकलला खुली केली, पण चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची, या अटीवर. वाटेवरच्या खांबांवर बाण असतात. पिवळा बाण फुटपाथचा, निळा ब्राइडलवेचा, जांभळा रिस्ट्रिक्टेड बायवेचा (तिथे मोटारींना बंदी) आणि लाल सगळ्या वाहनांना खुल्या असलेल्या बायवेचा. पिवळा सोडून बाकी तिन्हींवर सायकल चालते.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल १, डार्क पीक घ्या. प्रमाण १:२५,०००, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. त्यात फुटपाथ हिरव्या आखूड रेघांनी आणि ब्राइडलवे हिरव्या लांब रेघांनी दाखवलेला असतो. फोनच्या छोट्या पडद्यावर या दोन रेघांची हमखास गल्लत होते, तेव्हा नकाशा मोठा करून बघा. मोबाइल ॲप ‘सायकलचा मार्ग’ म्हणून जे सुचवतं ते इतरांच्या फेऱ्यांवरून काढलेलं असतं. तिथे सायकल न्यायचा हक्क आहे की नाही हे त्याला कळतंच असं नाही.

आणखी एक चूक नवख्यांकडून वारंवार होते. नकाशावर पिवळसर रंगात दाखवलेला मोठा मोकळा भाग ‘ॲक्सेस लँड’ असतो, म्हणून तिथे सायकलही चालेल असं वाटतं. तो हक्क २००० सालच्या कायद्यानं फक्त पायी चालणाऱ्यांना दिला आहे. २४ एप्रिल १९३२ ला किंडर स्काउट या पठारावर शेकडो कामगार-तरुण बंदी झुगारून चढले आणि त्यातल्या काहींना तुरुंगवास झाला. मोकळ्या मूरवर चालायचा हक्क अशा लढ्यांतून आला आहे. त्याच किंडरच्या माथ्यावर सायकल घालणं बेकायदा तर आहेच, शिवाय ज्यांनी तो हक्क मिळवला त्यांच्याशी बरं वागणंही नाही.

घोडा दिसला की वीस-तीस मीटर आधीच वेग कमी करा आणि मोठ्यानं ‘हॅलो’ म्हणा. घोडा घंटीपेक्षा माणसाच्या आवाजाला लवकर ओळखतो. मागून गुपचूप आलेली सायकल त्याला शिकारी जनावरासारखी वाटते आणि तो बिथरतो. स्वारानं सांगितल्यावरच, लांबून आणि हळू पुढे जा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवा. बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मार्च ते जुलै जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा हंगाम असतो आणि एप्रिल-मेमध्ये मेंढ्यांची पिल्लं कुरणात असतात. या दिवसांत वाटेवरून एक हातही बाहेर जायचं नाही.

चार प्रकारची जमीन

या एका दरीत चार वेगळ्या जमिनी एकमेकींना भिडतात. पायाखाली कुठली आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं.

दरीच्या उत्तरेला आणि पूर्वेला ग्रिटस्टोन आहे. हा करडा-तपकिरी, खरखरीत वाळूचा दगड. बोट घासलं तर सँडपेपरसारखा लागतो. ओला झाला तरी टायर धरून ठेवतो, त्यामुळे पावसातही यावर बिनधास्त ब्रेक लावता येतो. मात्र त्याची वाळू चिखलात मिसळून ब्रेकच्या पॅडवर जाते आणि नवी पॅडसुद्धा एका ओल्या दिवसात संपू शकतात.

कॅसलटनच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला चुनखडी आहे. पांढुरकी, गुळगुळीत, हजारो पावलांनी घासलेली. कोरडी असताना छान, पण ओली झाली की साबण. केव्ह डेल नावाची अरुंद घळ नकाशावर ब्राइडलवे आहे, पण पावसानंतर तिथून उतरताना ब्रेक लावला काय नि न लावला काय, चाक सरकायचं ते सरकतंच. ओल्या दिवशी चुनखडीची वाट फेरीतून सरळ वगळा.

मॅम टॉर डोंगराच्या आणि एडेलच्या उतारांवर शेल आहे. पाटीच्या दगडासारखे त्याचे पातळ थर निघतात, आणि पाणी मुरलं की चिकणमाती होते. ती टायरला चिकटते, फोर्कच्या कमानीत साठते आणि चाक अडतं. अशा वेळी काटकीनं चिखल काढा. जोर लावून पेडल मारलं तर मागचा हँगर, म्हणजे डिरेलर (गिअर बदलणारा भाग) फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकतो.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर पीट. त्याची परीक्षा सोपी आहे. बुटाची टाच दाबा. खड्ड्यात पाणी भरून आलं तर आज या वाटेवर सायकल नको. टाच नुसती दबून परत वर आली तर हळू जाता येईल. कडक थंडीत गोठलेलं पीट डांबरासारखं चालतं, पण सकाळीच. दुपारी ऊन आलं की वरचा बोटभर थर वितळतो आणि खाली बर्फ राहतो. सगळ्यांत निसरडी जमीन ती.

यावरून नियम असा निघतो: आदल्या तीन-चार दिवसांत चांगला पाऊस झाला असेल तर माथा सोडा आणि खाली सांगितलेली दरीची फेरी करा, कारण तिच्या बहुतेक वाटा दगडी आणि पक्क्या आहेत. आठवडाभर कोरडं गेलं असेल तरच मूर ओलांडणारी लांब वाट धरा. वाटेत डबकं लागलं तर मधूनच जा. कडेनं गेलात की वाट हातभर रुंदावते. मागून येणारे शंभर जण तसंच करतात आणि दोन वर्षांत एका वाटेच्या चार होतात.

सायकलची तयारी

पुढे १२० ते १४० मिलिमीटरचा सस्पेन्शन फोर्क असलेली हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली सायकल, या फेरीला पुरते. मागेही सस्पेन्शन असेल तर उतारावर हात कमी दुखतात, एवढंच. स्वार बसल्यावर फोर्क २० टक्के आणि मागचा शॉक २५ ते ३० टक्के दबेल इतकी हवा ठेवा.

टायर २.३ ते २.४ इंचाचे, ट्यूबलेस. ७५ किलोच्या स्वाराला पुढे २२-२४ पीएसआय आणि मागे २५-२७ पीएसआय ठीक. वजन दहा किलोनं कमी-जास्त असेल तर दोन पीएसआय त्या हिशेबानं बदला. रस्त्यावरच्या सवयीनं ३५-४० भरली तर ग्रिटस्टोनच्या गोट्यांवर सायकल चेंडूसारखी उडते. फार कमी ठेवली तर इथले आडवे दगड रिमला लागतात. वाट पाण्यानं खचू नये म्हणून ठिकठिकाणी आडव्या दगडी पन्हाळ्या बसवल्या आहेत आणि त्यांच्या कडा धारदार असतात. ट्यूब असलेल्या चाकाला तिथे सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. २९ इंची चाकात शंभर मिलिलिटरच्या आसपास सीलंट (भोकं बुजवणारं द्रव) हवं. ते काही महिन्यांत सुकतं, म्हणून व्हॉल्व्ह काढून सळई बुडवून बघा.

पुढचं चक्र ३० किंवा ३२ दातांचं आणि मागे सर्वांत मोठं ५० किंवा ५१ दातांचं असेल तर सगळे चढ बसून चढता येतात. ब्रेकची पॅड सिंटर्ड, म्हणजे धातूची, घ्या. रेझिनची पॅड शांत आणि मऊ लागतात, पण ओल्या ग्रिटस्टोनपुढे टिकत नाहीत. चेनला ओल्या हवेचं जाडसर तेल.

पाठीवरच्या पिशवीत काय हवं: आपल्या सायकलच्या मॉडेलचा सुटा हँगर (एकाचा दुसऱ्याला बसत नाही), चेनच्या स्पीडला जुळणारे दोन क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायच्या सुट्या कड्या), चेन तोडायच्या अवजारासह मल्टीटूल, टायरचे प्लग, एक ट्यूब, पंप, पॅडची एक सुटी जोडी आणि टायर फाटलाच तर आतून लावायला जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा. यातलं हँगर घ्यायला लोक विसरतात. सायकल उजव्या बाजूला पडते, डिरेलर दगडावर आपटतो, वाकलेल्या हँगरवरच पुढचा चढ सुरू होतो, सर्वांत मोठ्या चक्रावर गिअर टाकताच डिरेलर स्पोकमध्ये जातो आणि फेरी तिथेच संपते. पडल्यावर निघण्याआधी मागून बघा: डिरेलरची दोन्ही छोटी चक्रं मागच्या चक्रांशी सरळ रेषेत आहेत ना?

फेरी: होप, मॅम टॉर, एडेल, होप क्रॉस, होप

एकूण अंतर २१-२२ किलोमीटर, चढ ५०० मीटरच्या आसपास. तब्येतीनं बऱ्या असलेल्या पण इथे पहिल्यांदा येणाऱ्याला थांबे धरून चार तास लागतात. होप व्हॅली मार्गावरच्या सगळीकडे थांबणाऱ्या गाड्यांत साधारण दोनच सायकलींना जागा असते, आधी येईल त्याला. चौघं असाल तर दोन गाड्यांत विभागून या, आणि शनिवार-रविवारी सकाळी लवकरची गाडी धरा.

होप स्टेशन गावापासून किलोमीटरभर पूर्वेला आहे. स्टेशनवरून मुख्य रस्त्याला लागून पश्चिमेला होप गाव आणि पुढे कॅसलटन. हे तीन-साडेतीन किलोमीटर सपाट आहेत. गिअर, ब्रेक, सीटची उंची, जे काही वाजत-घासत असेल ते इथेच दुरुस्त करा, पुढे तशी जागा नाही. बाटल्या कॅसलटनमध्येच भरून घ्या. ओढ्याचं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी वरच्या अंगाला मेंढ्या असतात.

कॅसलटनच्या बाहेर रस्ता फुटतो. डावीकडे विनॅट्स पास: चुनखडीच्या उभ्या कड्यांमधून जाणारा देखणा रस्ता, पण चढ काही ठिकाणी २० टक्क्यांच्या वर आणि मागे गाड्यांची रांग. सरळ गेलात तर मॅम टॉरच्या पायथ्याचा जुना रस्ता. हाच घ्या. १८१९ च्या सुमारास बांधलेला हा रस्ता डोंगर सरकत राहिल्यामुळे पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागला आणि अखेर १९७९ मध्ये गाड्यांना बंद झाला. मॅम टॉर (५१७ मीटर) शेल आणि वाळूच्या दगडाच्या थरांचा आहे. पाणी मुरलं की खालचा शेल घसरतो. म्हणूनच त्याला ‘थरथरता डोंगर’ म्हणतात. रस्ता जिथे दुभंगला आहे तिथे कापलेल्या केकसारखे डांबराचे थर दिसतात, प्रत्येक थर एकेका दुरुस्तीचा. बघायला जरूर थांबा. पण पायऱ्यांसारख्या तुटलेल्या त्या कडांवरून सायकल हातात धरूनच न्या. उरलेला चढ सौम्य आहे, बसून चढता येतो.

वर डांबरी रस्त्याला लागून मॅम निक या खिंडीत या. इथे वारा दोन्ही दऱ्यांतून येऊन एकवटतो. घामेजलेल्या अंगानं उतार सुरू करू नका, जाकीट खिंडीच्या अलीकडेच घाला. मग एडेलच्या बाजूला बार्बर बूथपर्यंत तीन किलोमीटर उतार. रस्ता अरुंद, वळणं आंधळी, आणि डांबर गरम असेल तर मेंढ्या त्यावरच बसलेल्या. रस्त्यावर गुरं अडवणारी लोखंडी नळ्यांची जाळी लागली तर चाक अगदी काटकोनात ठेवा आणि तिच्यावर ब्रेक लावू नका, ओल्या नळीवर तिरकं चाक क्षणात सरकतं.

बार्बर बूथ, ऑलरब्रुक बूथ, नेदर बूथ: एडेलमधल्या या नावांतलं ‘बूथ’ म्हणजे जुन्या काळी गुराख्यांनी राहायला बांधलेली ठिकाणं. आपल्या धनगरवाड्यांसारखीच गावांची नावं होऊन राहिलेली. एडेल गावातून पेनाइन वे ही लांब पायवाट निघते. ती पायी चालणाऱ्यांची, आपण गावात न शिरता दरीच्या रस्त्यानं पूर्वेला जायचं. नेदर बूथ ओलांडल्यावर क्लफ फार्मजवळ डावीकडे निळ्या बाणाची वाट फुटते. इथून खरी माउंटन बाइकिंग सुरू होते.

पहिला चढ कुरणातून, छोटा पण उभा. त्याच्या माथ्यावर फाटक, आणि पलीकडे जॅगर्स क्लफ या घळीत उतार. जॅगर म्हणजे ओझ्याच्या घोड्यांचा तांडा हाकणारा. ही त्यांचीच वाट. उताराला सुटे, मुठीएवढे ते नारळाएवढे दगड आहेत. सीट खाली घ्या, टाचा खाली, कोपर बाहेर, नजर पुढच्या चाकावर न ठेवता पाच-सहा मीटर पुढे. ब्रेक दोन्ही, एकेका बोटानं, आणि सतत हलके. मागचाच ब्रेक आवळून चाक घासत नेलं तर सायकल थांबत नाही, वाट मात्र खणली जाते. आडवी पन्हाळी दिसली की तिच्यावर काटकोनात या, अलीकडे ब्रेक लावून घ्या, पन्हाळीवर सोडून द्या आणि पुढचं चाक किंचित हलकं करा.

खाली ओढा आहे. एरवी तो घोट्याएवढा असतो. हलक्या गिअरवर, पेडल न थांबवता, सरळ रेषेत पार करा. मध्येच थांबलात की पाय ओले होतात आणि थंडीच्या दिवसांत पुढचे दोन तास बोटं बधिर राहतात. मुसळधार पावसानंतर पाणी गढूळ आणि गुडघ्यापर्यंत आलं असेल तर ओलांडू नका. आल्या वाटेनं परत जा आणि एडेलच्या रस्त्यानं थेट होप गाठा, तो रस्ता उताराचाच आहे.

ओढ्यापलीकडचा चढ या फेरीतला सगळ्यांत कठीण भाग. जेमतेम किलोमीटर, पण पाण्यानं खणलेला आणि दगड सुटे. इथे ताकदीपेक्षा बसण्याची जागा महत्त्वाची. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, छाती हँडलकडे, मनगटं खाली. उभं राहिलात की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, फार मागे बसलात की पुढचं उचलतं. सर्वांत हलका गिअर चढ सुरू होण्याआधीच टाका. अर्ध्यात जोर लावून बदलला तर चेन तुटण्याची जागा हीच. पाय टेकवावा लागला तर ढकलत जा, त्यात कमीपणा नाही. उतरून येणाऱ्यांना मात्र कडेला होऊन जागा द्या.

चढ संपतो तिथे फाटकाशी वाटा एकत्र येतात. उजवीकडे, दक्षिणेला वळलं की थोड्याच अंतरावर होप क्रॉस. हा माणसापेक्षा किंचित उंच चौकोनी दगडी खांब, त्यावर १७३७ हे साल आणि डोक्यावरच्या चौकोनी दगडाच्या चार बाजूंना चार नावं कोरलेली: शेफील्ड, होप, एडेल, ग्लॉसप. धुक्यात आणि बर्फात तांडा चुकू नये म्हणून उभा केलेला. अक्षरं झिजली आहेत, तरी तिरप्या उन्हात बोटानं चाचपून वाचता येतात. खालची वाट त्याहूनही जुनी, ब्रफच्या रोमन किल्ल्याकडून ग्लॉसपजवळच्या किल्ल्याकडे जाणारी. भिंतीच्या आडोशाला बसून खाऊन घ्या. तासाला ४० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एक मध्यम केळं २५ ग्रॅमच्या आसपास, तीन मोठे मेजूल खजूर ५० च्या आसपास. चिक्की थंडीत दगडासारखी होते, ती घरीच फोडून आणा. राजगिऱ्याचा लाडू ओल्या हातांनी खाणं अवघड, दशमी मात्र उत्तम.

होप क्रॉसहून दक्षिणेला रोमन वाट धरा. पुढे वाट फुटते. डावी विन हिलच्या धारेवर चढते, उजवी होपकडे उतरते. ओल्या दिवशी उजवी. कोरडं असेल आणि पायांत दम असेल तर धारेवरून थोडं पुढे जाऊन, दोन्ही दऱ्या बघून परत या. दुतर्फा हेदरची झुडपं आहेत आणि ऑगस्टमध्ये अख्खी धार जांभळी होते. विन हिलच्या अगदी माथ्यावर मात्र पायवाट आहे, तिथे सायकल बाजूला ठेवून जायचं. होपकडचा उतार आधी मोकळ्या गवतातून, मग भिंतींच्या मधल्या अरुंद दगडी बोळातून फुलवुड स्टाइल फार्मपाशी येतो आणि टाउनहेडला एडेलच्या रस्त्याला मिळतो. या बोळात वेग आपोआप वाढतो आणि फाटकं अचानक समोर येतात. फिरायला आलेली माणसं आणि कुत्री इथे नेहमी असतात, त्यामुळे दिसेल तेवढ्या निम्म्या अंतरात थांबता येईल इतकाच वेग ठेवा.

लेडीबोवरची जोड

दिवस मोठा असेल तर होप क्रॉसवरून लगेच खाली येऊ नका. मघाच्या फाटकाशी परत जा आणि ईशान्येला जंगलात उतरणारी वाट घ्या. हा उतार जॅगर्स क्लफपेक्षा उभा आणि खडकाळ आहे. जिथे पुढचं दिसत नाही तिथे उतरून बघा, मगच चालवा. तळाला हॅगवॉटर पूल लागतो. तो न ओलांडता उजवीकडच्या रुंद वाटेला लागा. ही वाट ॲशॉप नदीच्या आणि मग लेडीबोवर जलाशयाच्या काठाकाठानं धरणाच्या भिंतीपर्यंत जाते, सहा-सात किलोमीटर, झाडीतून, बहुतेक पक्की. जलाशय १९४५ पर्यंत भरला आणि ॲशॉप्टन नि डर्वेंट ही दोन गावं पाण्याखाली गेली. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ जसं वर येतं, तसे मोठ्या दुष्काळात डर्वेंटचे चौथरे उघडे पडतात. तेव्हा गाळात उतरून बघायचा मोह आवरा, पाय मांडीपर्यंत रुततो.

भिंतीच्या पश्चिम टोकाशी थॉर्नहिल ट्रेल सुरू होते. वरची धरणं बांधताना दगड वाहायला टाकलेल्या रेल्वेचा हा मार्ग, म्हणून चढ-उतार जवळजवळ नाहीत. थकलेल्या पायांना बरा. त्यावरून थॉर्नहिल गाव आणि मग बॅमफर्ड स्टेशन. ही जोड धरून फेरी ३० किलोमीटरच्या घरात जाते आणि वेळ साडेपाच-सहा तास.

खरी मूर: कट गेट

दरीची फेरी दोन-तीनदा नीट झाली, की मगच कट गेट. लँगसेटपासून मूर ओलांडून अप्पर डर्वेंटमधल्या स्लिपरी स्टोन्सपर्यंतची ही ब्राइडलवे ५०० मीटरहून उंच जाते, एका बाजूनं साधारण नऊ किलोमीटर. मध्ये गाव नाही, आडोसा नाही, रस्त्याला निघायची दुसरी वाट नाही, फोन लागेल याची खात्री नाही. मिकलडेन एजजवळचा दलदलीचा तुकडा वर्गणी काढून दगडांनी दुरुस्त केला आहे, तरी माथ्यावर पीट आहेच. लँगसेटहून निघा: इथला वारा बहुतेक नैर्ऋत्येचा, म्हणजे जाताना समोर आणि दमून परतताना पाठीशी. अर्ध्या वाटेवर ठरवलेल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला असेल तर तिथूनच फिरा. स्लिपरी स्टोन्सचा कमानीचा दगडी पूल आधी डर्वेंट गावात होता. गाव बुडायच्या आधी तो दगड दगड सोडवून काढला आणि १९५९ मध्ये इथे पुन्हा उभा केला.

हवा, उजेड, मदत

हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे इथल्या ३०० मीटर चढाला दोन अंश. खरी थंडी वाऱ्याची. आत लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा थर, वर पाणी न शिरणारं जाकीट, बोटं झाकणारे हातमोजे, आणि सुका थर प्लॅस्टिकच्या पिशवीत. सुती टीशर्ट ओला झाला की दिवसभर सुकत नाही. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये साडेनऊनंतर. ऑक्टोबर ते मार्च पुढचा-मागचा दिवा सोबत असू द्या.

अपघात झाला तर ९९९ किंवा ११२ लावा, आधी पोलिस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. थेट ॲम्ब्युलन्स मागितली तर ती रस्त्यापर्यंतच येऊ शकते. जागा सांगताना नकाशातला एसके (लँगसेटजवळ एसई) पासून सुरू होणारा सहा अंकी संदर्भ द्या. त्यानं शंभर मीटरच्या चौकोनात जागा कळते. सिग्नल कमी असताना फोन लागत नाही पण एसएमएस जातो, म्हणून घरूनच ‘रजिस्टर’ हा शब्द इंग्रजीत लिहून ९९९ वर पाठवा आणि नोंदणी पूर्ण करा. काहीच चालत नसेल तर शिट्टी: मिनिटाला सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा.

परतल्यावर

मार्च ते ऑक्टोबर अंगावर गोचीड बघा, विशेषतः गुडघ्यामागे, जांघेत आणि मोज्यांच्या काठाशी. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढा. पिळू नका, त्यावर तेल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागी पसरणारं लाल चट्टं आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा, कारण लाइम रोग लवकर कळला तर औषधानं बरा होतो.

सायकल त्याच दिवशी धुवा. पाइप कमी दाबावर ठेवा आणि धार हब नि पेडलच्या बेअरिंगवर थेट मारू नका. टायरच्या खाचांतला चिखल इथेच काढा, म्हणजे दुसऱ्या मूरवर बिया आणि रोग जाणार नाहीत. चेन पुसून, सुकवून मग तेल. शेवटी ब्रेकची पॅड काढून उजेडात धरा. धातूच्या पाटीवर एक मिलिमीटरपेक्षा कमी थर उरला असेल तर ती आजच बदला.